दुसऱ्यांदा लावलेलं बोट

आमच्या हॉटेलात 'छान झालंय' हे शब्द मी कधी तोंडातून काढले नाहीत. आचाऱ्याने पातेलं उतरवलं की मला हाक मारायची. मी वाटीत पळीभर रस्सा घ्यायचा, बोट बुडवून चाखायचं आणि गप्प राहायचं. बोट दुसऱ्यांदा वाटीत गेलं की पातेलं बाहेर वाढायला जायचं. नाही गेलं, तर आचाऱ्याने मुकाट्याने पुन्हा मसाल्याला लागायचं. चौतीस वर्षं हा नियम चालला. जुन्या गिऱ्हाइकांनासुद्धा तो ठाऊक होता.

हॉटेल माझ्या वडिलांनी काढलेलं, कॉटनपेटेत. बेंगळुरात अशा हॉटेलांना मिलिटरी हॉटेल म्हणतात, म्हणजे मटण मिळणारं. मी बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आले तेव्हा वडील म्हणाले, "चंद्रा, फुकट जेवते असं तुला कुणी म्हणायला नको. रंजका तुझा."

रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्यांची आंबवलेली चटणी. मिरच्या, लसूण, मेथी, मीठ, वरून लिंबू पिळायचं आणि भरणीत मुरवायचं. आमच्याकडे प्रत्येक ताटात चमचाभर रंजका पडायचाच. भरणी कधी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाशी वाडगाभर जुना ठेवायचा आणि त्यावर नवा घालायचा. भरणीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या भरणीमुळेच हॉटेलामागची खोली माझी होती, आणि माझ्या बोलण्याला धारही होती. मी काही गोड बाई नाही.

वडील गेले. धाकटा भाऊ अप्पासाहेब गल्ल्यावर बसला. मग त्यालाही गुडघ्यांनी धरलं आणि त्याचा मुलगा विराट आला. अठ्ठ्याण्णव साल होतं. कोरमंगल्याहून कॉम्प्युटरवाली पोरं मोटरसायकलवरून मटण खायला यायला लागली होती आणि सॉस मागायला लागली होती. सॉस! समोर माझा रंजका असताना! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

विराट सरळ माणूस, त्याने माझ्यापासून लपवलं नाही. "आत्या, मागची खोली पाडून फ्यामिली रूम करायची म्हणतोय. तू आता स्वल्प आराम कर. देवनहळ्ळीला रघुजीकाका आहेतच."

रघुजी आमचा चुलतभाऊ. त्याच्या घरी मी म्हणजे कोण? सुनेच्या हाताखालची, पोरं सांभाळणारी, सगळ्यांची पानं उठल्यावर जेवणारी.

"आणि रंजका कोण करणार? तू?"

"सॉस ठेवू. पण कुठलाही नाही. मी पाच आणतो, तू चाखायचे. एकही तुझ्या पसंतीला उतरला नाही, तर विषय बंद. भरणी राहील, खोली राहील. सरी?"

सरी, चालेल, म्हटलं. मनात ठरवून टाकलं की सगळ्यांना नावं ठेवायची. त्यात खोटं तरी कितीसं बोलावं लागणार होतं?

दुपारी साडेतीनला, हॉटेल बंद असताना, त्याने टेबलावर पाच बशा मांडल्या. अप्पा समोर बसला. दोन्ही आचारी भटारखान्याच्या दारात उभे राहिले.

पहिला सॉस गाड्यावर नूडल्सवर ओततात तो. "साखर आणि रंग," मी म्हणाले. दुसरा हिरवा होता, तोंडात जायच्या आधीच नाकात गेला. "याने फरशी पूस." आचारी हसले. तिसरी बाटली कुणा मित्राने अमेरिकेहून आणलेली, बोटभर उंचीची. तिखट होतं, आंबट होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. चौथा लसणीचा आणि इतका गोड, की मी पाण्याचा पेला मागवला. मला मजा वाटायला लागली होती. खोली वाचली होती.

पाचव्याला लेबल नव्हतं. जुन्या कॉफीच्या बरणीत भरलेला होता. थंडीत रस्त्यावर स्वेटर विकायला तिबेटी बायका बसतात, त्यांच्यातल्या एकीने घरी केलेला, असं विराट म्हणाला.

मी बोट लावलं. सुकी मिरची भाजलेली होती, पण करपू दिलेली नव्हती. लसूण ठेचलेला होता, वाटलेला नव्हता. तिखट लगेच आलं नाही. आधी धुराचा वास आला, मग मीठ, आणि मग जिभेच्या टोकाला मुंग्या आणणारं काहीतरी, जे मी छप्पन्न वर्षांत चाखलं नव्हतं. हे कंपनीचं काम नव्हतं. बाईच्या हातचं होतं, आणि ती बाई घाई करणारी नव्हती.

"चिखल आहे," मी म्हणाले. "आपल्या मटणाला शोभायचं नाही."

कुणी हसलं नाही. विराट माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो बशीकडे बघत होता.

माझं बोट दुसऱ्यांदा बशीत होतं.

"आत्या," तो हळूच म्हणाला. जिंकल्याचा आनंदही त्याच्या आवाजात नव्हता. ओरडला असता तर मी भांडले तरी असते.

मी भावाकडे वळले. "अप्पा, तू तरी सांग याला. आपल्या रंजक्यापुढे हे काय आहे?"

अप्पा टेबलावरचा ओला डाग अंगठ्याने पुसत बसला. मग म्हणाला, "अक्का, लोक रंजका ताटात टाकून जातात. चार वर्षं झाली."

"कोण म्हणतं?"

"ताटं धुणारी म्हणते. आचारी म्हणतात. मीही खात नाही, अक्का. तुला सांगवलं नाही."

चार वर्षांपूर्वी माझा खांदा धरला होता. रगडा फिरवणं जमेना म्हणून मी मिरच्या विजेच्या ग्राइंडरवर वाटायला लागले. तो तापतो, मिरचीही तापते. पण माप तेच, हात तोच, भरणी तीच, मग चव कुठे जाणार, असं मी धरून चालले. दुसऱ्यांच्या पातेल्यांत रोज बोट घालत होते. भरणीत एकदाही घातलं नव्हतं. आपलं आपण काय चाखायचं?

मी उठून मागे गेले, भरणीचं फडकं सोडलं आणि बोट लावलं. कडवट, शिळा, तिखटाच्या नावाने नुसती आग. मी वाट बघत उभी राहिले. बोट दुसऱ्यांदा गेलं नाही.

राग कुणाचा आला म्हणाल, तर विराटचा नाही. त्या तिबेटी बाईचा तर मुळीच नाही. राग आला तो अप्पाचा आणि दारात उभ्या त्या दोघा आचाऱ्यांचा. ज्यांची पातेली मी बेधडक परत पाठवली, त्यांना माझ्या भरणीबद्दल एक शब्द बोलता आला नाही. चार वर्षं ते मला सांभाळून घेत होते. कीव करत होते, आणि मी तोऱ्यात वाट्या मागवत होते.

पुढच्या आठवड्यात विराट मला देवनहळ्ळीला सोडून गेला. बसमध्ये बसताना माझ्या हातात ती कॉफीची बरणी ठेवली. मी ती तशीच बसमध्ये सोडली असती, पण सोडवली नाही. इथे माझ्या ट्रंकेत आहे.

रघुजीची सून स्मृती स्वभावाने बरी आहे. परवा तिने मटण केलं होतं. बाकीचे जेवून उठले तेव्हा मला वाटीत रस्सा आणून दिला आणि पदराला हात पुसत विचारलं, "आत्याबाई, कसं झालंय?"

मी बोट बुडवलं, चाखलं. मसाला कच्चा होता, मीठ मागून घातलेलं होतं. बोट वाटीच्या काठाशीच थांबलं. पण तिचं लक्ष माझ्या बोटाकडे नव्हतंच, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालंय," मी म्हणाले.