कारणाचा रकाना

चांगल्या बाटल्या फोडायच्या आहेत, असं मॅनेजर म्हणाला तेव्हा मावशीला वाटलं, माणूस उन्हातून आलाय, बरळतोय. तिने त्याला बसायला स्टूल पुढे केलं. पण तो बरळत नव्हता. त्याच्या मागे मावशीची सख्खी भाची उभी होती, छातीशी लॅपटॉप धरून, आणि ती चक्क मान डोलावत होती.

बाटल्या धुण्याच्या खात्यात सगळे तिला मावशीच म्हणत. मॅनेजर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तोही मावशीच म्हणायचा. कारखान्यात एका टोकाला भट्टी होती, तिथे दुधाच्या बाटल्या तयार होत. दुसऱ्या टोकाला हे खातं. बाटली घरोघर जायची, रिकामी होऊन परत यायची, इथे कढत पाण्यात धुतली जायची आणि पुन्हा भरायला निघायची. एकेक बाटली तीस-चाळीस फेऱ्या मारायची. फिरून फिरून तिच्या पोटावर पांढुरका पट्टा उमटे. मावशी म्हणायची, माझ्या कमरेवर साडीचा पडलाय तसाच.

धुतलेली प्रत्येक बाटली एका पांढऱ्या, मागून दिवे लावलेल्या काचेसमोरून सरकत जायची. तिथे मावशी बसायची, सव्वीस वर्षं. मानेतला केसाएवढा तडा तिला दिसायचा. ओठाचा टवका ती बोट फिरवून ओळखायची. खराब बाटली बाजूला काढायची आणि लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये लिहायची: संख्या, कारण, सही. तिच्या सहीशिवाय एक बाटलीही क्रशरमध्ये जात नसे. क्रशर चालवणारा माणूस दिवसाकाठी जेमतेम चार शब्द बोलायचा, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. तो रजिस्टर उघडायचा, सही बघायचा, मगच बटण दाबायचा.

"किती बाटल्या फोडायच्यात?" मावशीने विचारलं.

"मागच्या अंगणातल्या सगळ्या. दोन लाख," मॅनेजर म्हणाला. "नवीन बाटली येतेय ना."

नवीन बाटली मावशीने पाहिली होती. वजनाला तिसरा हिस्सा कमी, पोटावर काचेतच उठवलेलं झाडाचं पान. एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. पुन्हा धुवायला घेतली तर पहिल्याच कढत पाण्यात तडकेल अशी तिची तब्येत. पण तिच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं होतं: साठ टक्के जुन्या काचेपासून.

"मावशी, आधी ऐकून तरी घे," भाची म्हणाली. कारखान्यात तिला मॅडम म्हणत, घरी ती बबडी होती. पर्यावरण विभागाची प्रमुख झाली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. "बाहेरून जी भंगार काच येते ना, तिच्यात कपबश्यांचे तुकडे असतात, खडे असतात, हिरवी-तपकिरी काच असते. भट्टीत घातली की बाटलीत खडे येतात. तीस टक्क्यांच्या वर ती वापरताच येत नाही. आणि अंगणात दोन लाख स्वच्छ, बिनरंगाच्या बाटल्या नुसत्या उभ्या आहेत."

"नुसत्या उभ्या नाहीत. महिन्याने दूध भरून जातील."

"तीसुद्धा जुनीच काच आहे ना," मॅनेजर म्हणाला.

"त्या बाटल्या आहेत."

"तेच ते."

"तेच ते कसं? तुमचा शर्ट आणि पायपुसणं, दोन्ही कापडच की."

मॅनेजरने आपल्या शर्टाकडे पाहिलं. बबडीने घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि समजावू लागली. धुऊन परत वापरलेली बाटली भट्टीत जात नाही, म्हणून टक्केवारीत ती धरतच नाहीत. निकामी ठरवून वितळवलेलीच धरतात.

"म्हणजे एक बाटली चाळीस वेळा वापरली तर?"

"शून्य."

"आणि पहिल्याच फेरीनंतर फोडून वितळवली तर?"

"ती पूर्ण धरतात," बबडी म्हणाली आणि पडद्यावरून नजर काढली नाही.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोरगी नऊ वर्षांची असताना तिच्या घरी आली होती, बहीण गेली त्या साली. शाळा सुटली की याच खात्यात उलट्या क्रेटवर बसून गृहपाठ करायची. बाटली उजेडासमोर कशी फिरवायची हे मावशीने तिला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि पोरगी इतकी तयार झाली होती की धुणाऱ्या बायका कौतुकाने तिच्याकडून बाटल्या तपासून घेत. तीच आता उभी राहून सांगत होती की या दोन लाख बाटल्या निकामी आहेत असं मावशीने लिहून द्यावं. मावशीला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मॅनेजर समोर होता म्हणून तिने हात आवरला, आणि मग त्याचाही तिला राग आला.

"माझ्या सहीने नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी जेवताना दोघींत जुंपली.

"सही केली नाहीस तर खातं पुढच्या महिन्यात बंद करणार आहेत," बबडी म्हणाली. "केलीस तर एकतीसच्या एकतीस जणींना नव्या पॅकिंगमध्ये घेणार. मी भांडून लिहून घेतलंय त्यांच्याकडून."

"उपकार केलेस. तुला शिकवलं ते यासाठी?"

"तू मला खरं काय ते बघायला शिकवलंस. खरं हे आहे की खातं जाणार. बाटल्या वाचणार नाहीत, बायका वाचतील. तुला काय हवंय, बाटल्या की बायका?"

"मला हे हवंय की चांगल्याला कुणी वाईट म्हणू नये," मावशी म्हणाली. "आणि तेही पर्यावरणाच्या नावाने. दोन लाख बाटल्या वितळवायला भट्टी काय खाते, मला शिकवतेस?"

"ते मला माहीत आहे."

"माहीत असून?"

बबडीने भात कालवला, पण घास घेतला नाही. "लेबलवर साठ टक्के छापायचं ठरलंय, मावशी. वरून ठरलंय. बाहेरचा तपासनीस येणार आहे, तो पास करेल तरच ते छापता येईल. तो रजिस्टर तपासतो. एकेक ओळ तपासतो."

"एकेक ओळ?"

"एकेक ओळ."

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं आणि ती उठून भांडी आवरू लागली. बबडीला वाटलं, मावशी नमली.

सोमवारी सकाळी मावशी रजिस्टर घेऊन बसली. हजार बाटल्यांची एक ओळ, अशा दोनशे ओळी. कारणाच्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं: रिकामा ठेवू नये. सव्वीस वर्षं तिने त्या रकान्यात तडा, टवका, डाग, ओरखडे असं लिहिलं होतं. आज तिने लिहिलं, "दोष नाही". दुसऱ्या ओळीत, "दोष नाही". दोनशे ओळी तिने वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता भरल्या आणि प्रत्येक पानाखाली सही केली. येऊ दे तपासनीस, वाचू दे, विचारू दे मॅनेजरला की हे काय आहे. त्याची बोलती बंद झालेली तिला आत्ताच दिसत होती. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

भोंगा आला. त्याने रजिस्टर उघडलं, पान बराच वेळ धरून ठेवलं, मग मावशीकडे पाहिलं.

"घाल," मावशी म्हणाली. तपासनीस त्याच दिवशी येणार होता. दुपारपर्यंत सगळं थांबेल, दहा-वीस क्रेट गेले तर गेले, असा तिचा अंदाज होता.

तपासनीस सोमवारी आला नाही. त्याला दुसरीकडे काम निघालं. मंगळवारीही आला नाही. क्रशर धडधडत होतं आणि अंगणातली क्रेटची भिंत मागे सरकत होती. धुणाऱ्या बायका आपसात बोलेनाशा झाल्या. त्यांतली सर्वांत जुनी बाई कानात कापूस घालून बसू लागली. मावशी रोज सकाळी स्वतःला सांगायची, आज येईल. बुधवारी तिने तेच सांगितलं, गुरुवारीही तेच. मूग गिळून ती उजेडासमोर बसायची आणि समोरून काहीही सरकत नसायचं, कारण धुवायला आता बाटल्याच येत नव्हत्या.

तो पुढच्या सोमवारी आला. नारिंगी जॅकेट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, बोलायला अतिशय सभ्य. मॅनेजरच्या केबिनमध्ये मावशीला बोलावलं. बबडी भिंतीला टेकून उभी होती. तपासनिसाने रजिस्टर उघडलं आणि पेन घेऊन वरून खाली जाऊ लागला. टिक, टिक, टिक. पान उलटलं. टिक, टिक.

मावशीने पाच पानं वाट पाहिली.

"कारण वाचा," ती म्हणाली.

"हो, वाचतोय ना."

"मोठ्याने वाचा."

त्याने चष्मा वर सरकवला. "दोष नाही," तो म्हणाला. "बरं."

"बरं काय? मी लिहून दिलंय की या बाटल्यांत काही दोष नव्हता. दोन लाख चांगल्या बाटल्या फोडल्या यांनी. आठ दिवस फोडतायत."

तपासनिसाने मॅनेजरकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. तो गडबडला नाही, हेच मावशीला सहन होईना. "मावशी, मला एवढंच बघायचं असतं की रकाना भरलाय का. काय भरलंय ते माझ्या यादीत येत नाही. संख्या जुळतेय, सही आहे, रकाना रिकामा नाही." त्याने शेवटची टिक केली आणि शिक्का मारला. "अक्षर छान आहे तुमचं."

"आमच्या मावशी पहिल्यापासून मिश्कील," मॅनेजर म्हणाला आणि हसला.

मावशी दार आपटून बाहेर पडली. बबडी मागोमाग धावत आली.

"तू वाचलं होतंस?" मावशी जिन्यात गर्रकन मागे वळली. "रजिस्टर तुझ्याकडून पुढे गेलं. तू वाचलं होतंस का नाही?"

"वाचलं होतं."

"कधी?"

"त्याच सोमवारी."

"मग थांबवलं का नाहीस? डोळे फुटले होते?"

बबडीचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं, तो वाचेल आणि थांबवेल. मी थांबवलं असतं तर माझ्यावर आलं असतं. त्याने थांबवलं असतं तर कुणावरच आलं नसतं. मलाही नको होतं ते, मावशी. मी रोज वाट बघत होते."

"भित्री," मावशी म्हणाली. "भित्री आणि वर साळसूद. आठ दिवस वाट बघत होतीस? आठ दिवस?" तिचा आवाज जिनाभर घुमला. खालून जाणारा शिपाई तसाच मागे फिरला. आणि बोलता बोलता तिला जाणवलं की हे आठ दिवस तिनेही असेच काढले आहेत. त्याने ती जास्तच भडकली.

"किती उरल्यात?"

"चारशे क्रेट. संध्याकाळपर्यंत संपतील."

मावशी अंगणात गेली. जिथे क्रेटची भिंत होती तिथे आता नुसत्या पुसटशा चौकोनी खुणा होत्या, आणि पलीकडे काचेच्या चुऱ्याचा डोंगर. भोंगा बाटल्या ओतत होता. मावशीने त्याला बाजूला सारलं आणि लाल बटणावर तळहात मारला. यंत्र घरघरत थांबलं.

"बस झालं," ती म्हणाली. "आता एकही जायची नाही."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय. मॅनेजर आला तर माझं नाव सांग."

भोंग्याने कानांवरचं झाकण काढलं. हातातलं क्रेट सावकाश खाली ठेवलं, एकही बाटली न वाजवता.

"नुसतं तुम्ही सांगून थांबवता येतं?" त्याने विचारलं.

"थांबवलं ना आत्ता."

"मग सोमवारी का नाही?"



"कारणाचा रकाना मी वाचला होता," भोंगा म्हणाला. एवढं लांब बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. "पहिल्याच दिवशी. म्हणून तर तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, घाल. मॅनेजर आठ वेळा सांगायला आला असता तरी मी हात लावला नसता, मावशी. तुमची सही होती म्हणून घातल्या."

बबडी दारात येऊन उभी राहिली होती. मॅनेजरला, तपासनिसाला, भाचीला ऐकवायला मावशीजवळ अजून पुष्कळ होतं, आणि ती ते ऐकवणारही होती. भोंग्याला सांगायला तिच्याजवळ काहीही नव्हतं.