चाक फिरवू नका

“चाक कुणी फिरवलं?”

नानांनी पहिला प्रश्न हाच विचारला. ना ‘या’, ना ‘बसा’. दारात दोघी उभ्या होत्या आणि दोघींच्या मधे, जुन्या चादरीच्या झोळीत, चिखलाने लडबडलेलं शिलाई मशीन लोंबकळत होतं.

“कुणीच नाही,” त्यातली तरुण होती ती म्हणाली.

नानांनी बोट दाखवलं. हातचाकावर चिखलाचा थर वाळला होता आणि त्यात चार बोटांचे ठसे छापल्यासारखे उमटले होते.

“मी जरासंच,” ती म्हणाली. “चालतंय का बघायला.”

“सगळे तेच करतात. मग गाळ आत घासत जातो. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर आधी पळून दाखव म्हणतो का आपण?”

ती ओशाळली, मग हसली. मी झोळीचं एक टोक धरलं आणि मशीन व्हरांड्यात आलं. सहावं.

नाना माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त केली, दुसरं काही केलं नाही. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. एक स्क्रू जागेवर बसवायला तीन वेळा नेम धरावा लागला, त्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. तेव्हापासून ते पेपर वाचतात आणि माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन फिरतात. आजोबांचे हात हलतात ते आपल्याला झोपवायलाच, अशी तिची ठाम समजूत आहे.

मंगळवारी नदी खालच्या गल्लीत शिरली. छातीइतकं पाणी दोन दिवस राहिलं आणि गुरुवारी चिखल टाकून निघून गेलं. शाळेत मदतकेंद्र उघडलं. माझा नवरा फावडं घेऊन रोज गाळ उपसायला जायला लागला. मी लेकीला कडेवर घेऊन जुन्या कपड्यांची पिशवी द्यायला गेले, तर नानाही चपला घालून निघाले. केंद्रावर वही घेऊन बसलेल्या बाईंना त्यांनी विचारलं, “मला काही काम आहे का?”

“आजोबा, तुम्ही बसा हो. चहा घ्या,” बाई प्रेमाने म्हणाल्या.

नानांनी चहा घेतला नाही. त्यांनी फळ्यावरची यादी वाचली. पांघरुणं, पाणी, औषधं, गाळ काढायला माणसं. “आणि मशीन कोण बघतंय?”

“कसली मशीन?”

खालच्या गल्लीत निम्म्या बायका घरी शिवतात, हे बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. नानांना गल्लीतलं प्रत्येक मशीन ठाऊक होतं. त्यांनी एक पुठ्ठा मागून घेतला, मला लिहायला लावलं: ‘पुरात बुडालेल्या शिलाई मशीनचं चाक फिरवू नका. आमच्याकडे आणा.’ खाली आमचा पत्ता. पुठ्ठा पांघरुणांच्या ढिगाशेजारी टांगला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पाच मशीन आली आणि शनिवारी सकाळी ही सहावी.

ही गणवेश शिवायची. तिच्याबरोबर आलेल्या उशीवाल्या मावशी. त्या उशांचे अभ्रे शिवत, आणि त्यांचं मशीन कालच आमच्याकडे आलं होतं. पाणी शिरलं तेव्हा गणवेशवालीने कापलेल्या कापडाचा गठ्ठा आधी माळ्यावर फेकला होता. मशीन एकटीला उचललं नाही.

“गठ्ठा कोरडा आहे,” ती म्हणाली, “पण कंत्राटदार म्हणाला, सोमवारी दहाला येतो. मशीन चालू दिसलं तर काम तुझं. नाहीतर कापड उचलून दुसरीकडे देतो.”

“सगळंच?”

“वर्षभराचं. शाळा थांबणार आहेत का माझ्यासाठी?”

“सोमवारी दहा,” नाना म्हणाले. “बघू.” मग माझ्याकडे वळले. “आपले हात रिकामे आहेत ना?”

आपले हात म्हणजे माझे. शुक्रवारपासून ते असंच म्हणायचे.

कामाची रीत त्यांची ठरलेली. आधी साध्या पाण्याच्या बारीक धारेने गाळ काढायचा. मग सावलीत वाळवायचं. मग एकेक भाग सोडवायचा आणि रॉकेलमध्ये धुवायचा. प्रत्येक मशीनपुढे एक ताटली. निघालेला भाग त्याच ताटलीत, निघाला त्याच क्रमाने ठेवायचा. ते खुर्चीवर बसून सांगायचे, मी जमिनीवर बसून सोडवायचे. लेक आतल्या दारात, आडव्या लावलेल्या स्टुलाच्या पलीकडे उभी राहून दोघांना ओरडायची.

दुपारपर्यंत सहाही मशीन सुटी झाली. जेवून नाना गल्लीत गेले, कारण एका म्हाताऱ्या शिंप्याचं मशीन इतकं जड होतं की ते हलतच नव्हतं. लेक झोपली. माझ्या हातात रिकामा तास होता, आणि ज्या बाईच्या हातात मूल झोपलेला रिकामा तास येतो ती काय वाटेल ते करू शकते.

मी सगळं धुवून काढलं. घासून, पुसून लखलखीत केलं. मग लावून ठेवलं, जसं मी स्वयंपाकघरात लावते तसं. लहान स्क्रू एका वाटीत, मोठे दुसऱ्या वाटीत. सगळ्या सुयांच्या दांड्या एकीकडे. खालच्या दोऱ्याच्या सहाही बॉबिन केस एका ताटलीत, चमच्यांसारख्या एका तोंडाने. शेवटी व्हरांडा झाडून घेतला आणि दोन पावलं मागे जाऊन माझं मीच कौतुक केलं.

नाना आले. उंबऱ्यातच थांबले. एकेक वाटी बघत गेले.

“छान चकाकतायत,” म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

त्यांचा चेहरा मात्र चकाकत नव्हता. “नाना, काय झालं?”

“काही नाही गं. सहा घरांची माणसं एका पंगतीला बसवलीस.” त्यांनी एक बॉबिन केस उचलली. ती त्यांच्या बोटांत हलत होती. “ही आणि ही ज्यात बसते ते आतलं शटल वीस-वीस वर्षं एकमेकांवर घासलेली असतात. दुसरीकडे घातली की टाका सुटतो. स्क्रूचंही तसंच. सगळे नाही, पण काही आपल्याच भोकात बसतात.”

“मग आता?”

“आता सोमवारी दहा.”

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात आत लेक उठून रडायला लागली, म्हणून माझं राहिलं. तिला घेऊन बाहेर आले तर नाना चपला घालत होते.

“कुठे?”

“बायकांना बोलवायला. ज्याची वस्तू त्यालाच ओळखू येणार.”

रविवारी सकाळी सहाहीजणी आल्या. चिखलाने भरलेली घरं तशीच टाकून आल्या होत्या. मी चहा ठेवला आणि मनातल्या मनात कबुलीची तालीम केली. नानांनी मला संधीच दिली नाही.

“चूक आमच्याकडून झाली,” त्यांनी सुरुवात केली.

“आमच्याकडून नाही, माझ्याकडून,” मी म्हटलं. “सगळे भाग मिसळले. मला वाटलं, नीट लावून ठेवावं.”

उशीवाल्या मावशी वाटीतले स्क्रू चाळवत म्हणाल्या, “तू निदान धुवून तरी मिसळलेस. नदीने आमचं पीठ आणि कपड्याचा साबण एक केलाय. पोरं म्हणतात, पोळ्यांना फेस येईल.”

व्हरांडा हसला. माझी लेकही हसली, आणि मग तिला कुणीतरी माझ्याकडून घेतलं. ती दुपारीच परत मिळाली, सहा मांड्या फिरून.

मावशींनी आपली बॉबिन केस लगेच ओळखली. नातवाने तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता आणि रॉकेललाही तो दाद देईना. पडदे शिवणाऱ्या एकीच्या केसची कडी अर्धी तुटलेली होती. “कितीदा सांगितलं होतं, बदलून घे,” नाना तिला म्हणाले.

“बदलली असती तर आज कशी ओळखली असती?” ती म्हणाली.

एकेक करत चार केस आपापल्या मालकिणींकडे गेल्या. दोन उरल्या, हुबेहूब सारख्या. त्यांतली एक गणवेशवालीची होती. तिने दोन्ही उलटून पालटून पाहिल्या. “माझ्या केसवर काही खूण नाही हो. मशीन आईचं होतं. मी कधी नीट बघितलंच नाही तिच्याकडे. बोटं आपोआप घालायची.”

“मग बघू नकोस,” नाना म्हणाले. त्यांनी मला दोन्हींत दोरा भरायला लावला. “डोळे मीट. दोरा ओढ.”

तिने पहिल्या केसचा दोरा ओढला. मग दुसऱ्या केसचा. मग परत पहिल्या केसचा. व्हरांड्यात कुणी कपही वाजवला नाही.

“ही,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“ही जरा अडते, मग सोडते. आईसारखी.”

त्यानंतरचं काम माझ्या हातांवर राहिलंच नाही. माझे दोन हात होते आणि मशीन सहा. नाना खुर्चीवरून सांगत गेले आणि जिचं मशीन तिनेच ते बांधलं. हात शिवणाऱ्यांचे होते, मला दोन दिवसांत जमलं नाही ते त्यांना अर्ध्या तासात जमलं. “हा स्क्रू डळमळतोय नाना,” एक म्हणायची. “तुझा नाही तो, शेजारणीला विचार,” नाना म्हणायचे. स्क्रू या हातातून त्या हातात जायचे, उसन्या साखरेसारखे. तीन वाजता मावशींचं मशीन पहिलं वाजलं. त्यांनी ताबडतोब माझ्या लेकीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण घातली, लेक आत असतानाच.

गणवेशवालीचं मशीन मात्र टाके गाळत होतं. चार टाके, एक मोकळा. चार टाके, एक मोकळा.

“शटल मागे पडतंय सुईच्या,” नाना म्हणाले. “केसभर सरकवायचंय.”

“तुम्ही करा ना,” ती म्हणाली.

नानांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेपाशी नेलं. ते खाचेच्या डावीकडे गेलं, मग उजवीकडे. आम्ही सगळ्या दुसरीकडे बघायला लागलो. सात बायका एकदम भिंतीकडे बघायला लागल्या तर माणसाला कळतंच.

“भिंतीवर काय लिहिलंय?” नाना म्हणाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि आपला पंजा मशीनच्या पाठीवर सपाट टेकवला. “ढिला कर. आता मी सांगतो तसं चाक फिरव. आता फिरवायला हरकत नाही. हळू. अजून. जरा मागे. थांब. आवळ.”

तिने आवळला. चिंधीवर एक लांब शिवण मारली. आम्ही सगळ्या वाकून टाके बघत होतो. एकही मोकळा नव्हता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, “चला, घरी चिखल वाट बघतोय.” पण जाताना एकीने माझ्या ताटल्या मागून नेल्या. पलीकडच्या गल्लीत तिच्या बहिणीकडे तीन मशीन बुडाली होती. “प्रत्येकीला वेगळी ताटली,” ती मला बजावून गेली, जणू मीच शिकायची राहिले होते.

सोमवारी सकाळी आम्ही गणवेशवालीकडे गेलो. नानांना मशीन जागेवर समतोल बसलंय का बघायचं होतं. मला घरी राहवलं नाही, लेकीला कडेवर घेऊन मीही निघाले. खोली रिकामी होती. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ होती आणि तिच्याखाली सगळं ओलं होतं. पलंग नाही, कपाट नाही. खुर्चीच्या जागी उलटी बादली, तिच्यावर ती बसलेली. मशीन चालू होतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना कंत्राटदार आला. बगलेत कापलेल्या कापडाचा नवा गठ्ठा होता. नवं काम द्यायची आणि जुनं उचलून न्यायची, दोन्हीची तयारी ठेवून तो आला असावा. त्याने भिंतीवरची रेघ पाहिली. मग मशीन पाहिलं. मग कॉलरवरून सरकणारी शिवण पाहिली.

“जमेल ना?” त्याने विचारलं.

ती वर न बघता म्हणाली, “खांद्याला अर्धा इंच कमी कापलंय तुमच्या माणसाने. त्याला सांगा आधी.”

“सांगतो,” तो म्हणाला. “हा गठ्ठा कुठे ठेवू?”

आम्ही सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. माळ्यावर पहिला गठ्ठा होता, तिथे जागा नव्हती. खाली जमिनीला पाणी सुटलं होतं. तेव्हा नाना पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. कंत्राटदाराने जरा बिचकतच गठ्ठा त्यांच्या हातांवर ठेवला आणि तो निघून गेला.

मी म्हटलं, “नाना, द्या माझ्याकडे.”

“तुझ्याकडे मूल आहे.”

लेकीला भूक लागली होती, म्हणून मी घरी गेले. बाराच्या सुमारास त्यांना जेवायला बोलवायला परत आले. मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. नाना तिथेच, मशीनच्या डाव्या बाजूला उभे होते. गठ्ठा छातीशी धरलेला, अर्धा झालेला. तिने मान वर न करता हात मागे केला, आणि त्यांनी पुढची बाही तिच्या हातात दिली.