टाकांच्या पंगतीतला बिल्ला

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे, रुपयाएवढा. महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली होती. तिथे दौलतशेठांचं चहाचं दुकान होतं. सुट्टे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी तांबटाकडून माझ्यासारखे दोनशे बिल्ले करून घेतले. अंगावर ठसा उमटला: 'दौलत. एक चहा.' शिपाई रुपया देत आणि सुट्ट्यांऐवजी आम्हाला खिशात घालत. आम्ही सरकारी नव्हतो, पण छावणीत आमचा मान नाण्याएवढाच होता.

युद्ध संपलं, छावणी उठली. माझे भाऊ मोडीत गेले. मी तेवढा शेठांच्या पेटीत राहिलो, टाकांशेजारी. टाक म्हणजे पत्र्यावर ठसवलेला देव किंवा पूर्वज. सासूबाई गेल्यावर सून रंगूबाईंनी मोहने गावच्या घरी ती पेटी उघडली. त्यांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. मलाही टाक समजून त्यांनी देव्हाऱ्यात मांडलं. चाळीस वर्षं मी हळदकुंकू ल्यालो. अक्षरं पार बुजली. मनातून मात्र चोरट्यासारखं वाटे.

यंदा नातू सिद्धेशने कोपरला घर घेतलं. देव न्यायचे म्हणून नातसून प्रियांकाने टाक चिंचेने घासले, आणि माझं पितळ खरोखरच उघडं पडलं.

सिद्धेश हसला. "अगं आजी, तू चहाच्या टोकनला नैवेद्य दाखवत होतीस. खोटं नाणं आहे हे." ठाण्याला जुनी नाणी घेणारा एक जण आहे, त्याला देऊन टाकू, असंही तो म्हणाला.

रंगूबाईंचा चेहरा उतरला. आपली इतक्या वर्षांची पूजा वाया गेली की काय, असं त्यांना वाटलं. त्या म्हातारपणी साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. मला उजेडात धरून त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. 'दौ'पाशीच थांबल्या. सासऱ्यांचं नाव त्यांनी जन्मात तोंडी आणलं नव्हतं. पुढचं त्यांनी मनातच वाचलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"खोटं कसं रे? हा पुढे केला आणि मामंजींनी चहा नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही. सासूबाई सांगायच्या. पूर्वजांचाही टाक असतोच की."

प्रियांकाने हळूच विचारलं, "मग आजी, यांना चहाचाच नैवेद्य ठेवू?"

"ठेव. आलं घालून."

आता मी कोपरच्या देव्हाऱ्यात आहे, उजळ माथ्याने. मित्रांनो, जुनी वस्तू विकायला काढण्याआधी तिच्यावर कुणाचं नाव आहे, ते एकदा वाचा. वाचता येत नसेल तर शिका. उशीर झाला तरी चालतो.