नवनाथ कॉम्प्युटर, यवत

"आबा, त्या बटणाला हात लावू नका. शेजारचं मशीनचं हाय," दुकानात मशीन उघडून बसलेली गौतमी मान वर न करताच म्हणाली.

मल्हारीआबांनी पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. मेंढरांमागे उघड्यावर जन्म काढलेल्या या माणसाला विनाकारण फिरणारा पंखा बघवत नसे.

कॉम्प्युटर त्यांच्या नातीचा, प्रांजलचा. ती लग्नाच्या फ्लेक्सची डिझाइनं करायची. मशीन रडतखडत चालायचं म्हणून तिने जुन्या बाजारातून दमदार प्रोसेसर आणला होता. पण तो ओळखायला मदरबोर्डचं बायॉस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, नवं घालावं लागणार होतं. ते घालताना वीज गेली किंवा काही बिघडलं की स्वस्तातला बोर्ड कायमचा मुका होतो.

गौतमीचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या नवऱ्याने जोडलेलं हे मशीन सुरू केलं की आधी पडद्यावर उमटायचं, 'नवनाथ कॉम्प्युटर, यवत'. त्याने ते बायॉसमध्येच बसवलं होतं. नवनाथ गेला, त्याची बाकीची मशीनं भंगारात गेली. आता नव्या बायॉसने हे शेवटचं नावही पुसलं जाणार होतं.

नाव घातलेली नवी फाइल तिने खपून तयार केली होती. पण अशी बदललेली फाइल बोर्डाची तपासणी चुकवून, जबरदस्तीने घालावी लागते. चालली तर चालली.

"न्हाई चाललं तर?" आबांनी विचारलं.

"तर प्रांजलची लगीनसराई गेली."

आबांनी उघड्या मशीनकडे पाहिलं. "तुला वाटंल तसं कर, पोरी. नवनाथच्या हातचं हाय."

गिऱ्हाइकाच्या मशीनवर प्रयोग केलेला नवनाथला मुळीच खपत नसे. गौतमीने आपली फाइल बाजूला सारली, कंपनीची घेतली आणि बोर्डावरचा नंबर पुन्हा एकदा जुळवून पाहिला.

तेवढ्यात शेतीची लाइन आली. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि दुकानातला दिवा मिणमिणला. इन्व्हर्टर होता, तरी ती थांबली. दिवा नीट झाल्यावरच तिने काम सुरू केलं. आबा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघराच्या तोंडाशी उभं राहावं तसे बटणांपुढे पाय रोवून उभे राहिले.

काम झालं. तिने नवा प्रोसेसर बसवून मशीन चालू केलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं.

"त्याचं नाव न्हाई आलं?"

"न्हाई, आबा. मशीन चालू झालं."

तिने मशीन बंद करून झाकण लावायला घेतलं. आबा चाचरत म्हणाले, "आता पंखा बंद करू?"

"करा."

पंखा थांबला तरी ती तोच स्क्रू आवळत राहिली.