तीन हिरे आणि पिवळा कागद

बावीस वर्षं मी हिऱ्यांचा रंग ठरवतेय. आधी खाणीतल्या, आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या. या डोळ्यांवर माझं पोट चालतं आणि माझा तोराही. गेल्याच आठवड्यात, आमच्या कारखान्यात हिरे वाढवायच्या यंत्रावर असतात, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्या बाईंच्या हिऱ्यांचं अख्खं पाकीट मी 'पिवळट' म्हणून परत केलं. वर चार शब्द सुनावले. कारखान्याने त्यांना यंत्रावरून काढून गोदामात टाकलं.

त्यामुळे भाचीला लग्नाच्या अंगठीसाठी हिरा घ्यायचा म्हटल्यावर माझ्याशिवाय कोण जाणार? दुकान माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचं. शिकताना सारखा वाद घालायचा म्हणून त्याला आम्ही वकील म्हणायचो.

"बाई, प्रमाणपत्रात या तिन्ही हिऱ्यांचा रंग अव्वल आहे," तो म्हणाला.

"प्रमाणपत्र बसवायचंय का अंगठीत? कागद काढ."

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यात कधीकधी तपकिरी झाक असते. प्रमाणपत्रात ती निसटते, पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरा पालथा ठेवला की सापडते. वकिलाने तिन्ही हिरे मांडले. मी वाकून पाहिलं. तिन्ही सारखेच मळकट.

"हा कागद पिवळा पडलाय. बदल."

"हो बाई, चुकलंच." त्याने दुसरा कागद घेतला.

तोही पिवळाच. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात थबकले. हा माणूस माझं एक वाक्य कधी मुकाट्याने मानायचा नाही, आणि आज चटकन 'चुकलंच' म्हणाला?

"खरं सांग," मी भाचीला म्हटलं. "कागद कसा आहे?"

तिने वकिलाकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको, कागदाकडे बघ."

"पांढराशुभ्र आहे, आत्या. पहिलाही होता."

मी काउंटरची कड घट्ट धरली. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. पण भाची समोर उभी होती आणि हिरा घ्यायचा राहिला होता.

"आता तू बघ. सावकाश. कुठला हिरा कागदात मिसळून जातो?"

तिने बराच वेळ लावला. "मधला फिक्या चहासारखा दिसतोय. डावा धुरकट. उजवा मात्र नीट शोधावा लागतोय."

"उजवा घे."

वकिलाने सुटकेचा निःश्वास टाकला. मग हळूच म्हणाला, "मोतीबिंदू असेल, बाई, त्यात सगळं पिवळट दिसतं. गुपचूप ऑपरेशन करून घ्या. कारखान्यात कशाला सांगायचं?"

"आणि तोवर वहिनींनी गोदामात खोकी उचलायची?"

मी फोन काढला. त्यावरचे आकडे मला नीट दिसेनात, म्हणून नंबर भाचीनेच लावून दिला.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमचे हिरे बहुतेक पांढरेच होते. मलाच दिसत नाहीये."

पलीकडे खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला.