रुमाल टाकून धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. पण नाक पुसणे आणि घाम टिपणे हा माझा धंदा कधीच नव्हता. मी जागा धरतो. खिशात घडी होऊन बसणारे पांढरे रुमाल मला हसतात. हसोत बापडे! मी लाल चौकड्यांचा, चांगला ऐसपैस, पैठणच्या आठवडी बाजारातून आलेला आहे. माझ्या काठांना उमाबाईंनी स्वतः शिलाई घातली आणि एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने फूल काढले. ते फूल अजून शाबूत आहे, एवढे मात्र मी अभिमानाने सांगतो.

मला विकत घेतले ते उमाबाईंच्या यजमानांनी, हेमचंद्ररावांनी. नवे लग्न होते. ते पाटबंधारे खात्यात कारकून आणि बाई बिडकीनच्या शाळेत शिक्षिका. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. बाई रोज सकाळी एसटीने बिडकीनला जायच्या आणि रोज त्यांना गाडी लागायची. खिडकीजवळची जागा मिळाली, वारा तोंडावर आला, नजर लांब शेतांवर राहिली, तरच त्या धड वर्गात उभ्या राहू शकत. म्हणून हेमचंद्रराव ऑफिसला जायच्या आधी स्टँडवर यायचे, फलाटाला लागणाऱ्या गाडीबरोबर धावायचे आणि मला खिडकीतून आत भिरकावायचे. रुमाल पडला की जागा पक्की! हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

एकदा एक जाडजूड गृहस्थ खुशाल माझ्यावरच बसले. माझा जीव घुसमटला. शेजारच्या बाकावर भाजीची पाटी घेऊन भागूबाई बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "ओ पाव्हणं, उठा! खाली रुमाल हाय, दिसंना व्हय? मास्तरीणबाईची जागा हाय ती!" गृहस्थ मुकाट्याने उठले. त्या दिवशी माझी छाती फुगली.

पुढे दुष्काळाची साले आली. शहर तर वाढतच होते. बीड बायपासच्या पलीकडे जिथे ज्वारी डोलायची तिथे कॉलन्या उठल्या, आणि अशाच एका कॉलनीत उमाबाईंनी घर बांधले. घर झाले, नळही बसला. पाणी तेवढे आले नाही. टँकर यायचा तेव्हा ड्रम-बादल्यांची रांग कोपऱ्यापर्यंत जायची. माणसे उन्हात किती उभी राहणार? हेमचंद्रराव मला आमच्या ड्रमच्या कडीला बांधून ठेवायचे. टँकरवाला कडुबा मोठा खमक्या होता. कुणी ड्रम मागेपुढे सरकवला की तो नळीच बंद करायचा. "ज्याचं फडकं पुढं, त्याचा ड्रम पुढं. भांडायचं आसंल तर पाणी नाय," एवढेच म्हणायचा. फडके म्हणाला याचा मला थोडा राग आला. पण त्या उन्हाळ्यांत मी एकदाही रांग सोडली नाही.

मित्रांनो, चांगले दिवस कुणाचे कायम टिकतात? बाई निवृत्त झाल्या. दारात गाडी आली. बसची, नाटकाची, सगळीच जागा मोबाइलवर मिळू लागली. मला कोण विचारतो? कधी नळाच्या तोंडाला गाळणी म्हणून बांधला गेलो, कधी गाडीची काच पुसली. शेवटी ओट्याखालच्या खणात जाऊन पडलो.

त्याच सुमाराला हेमचंद्ररावांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू चालायला लागले. उजवा हात मात्र लटकलेलाच राहिला. डाव्या हाताने, चमच्याने जेवायचे, आणि तेही सांडत. ज्या माणसाने जन्मभर पंगतीत आग्रहाने जिलेबी वाढली, तो लग्नाला जाईनासा झाला. चारचौघांत डाव्या हाताने घास घ्यायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. सख्खा भाऊ आला तरी ते ताट घेऊन आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. खणात पडल्या पडल्या मला ते दार लागल्याचा आवाज ऐकू यायचा. फार वाईट वाटायचे.

उमाबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुलीने, मृण्मयीने, मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची सहल दोघांसाठी ठरवली, तेव्हा त्यांनी मनाशी पक्के केले: हे माणूस परत चार माणसांत जेवले पाहिजे. तिथे ओळखीचे कुणी नसेल, लाज कमी वाटेल. गळ्याला बांधायला एखादे मोठे कापड हवे म्हणून त्यांनी मला शोधून काढले, धुतले आणि पर्समध्ये घातले. किती वर्षांनी मी पुन्हा प्रवासाला निघालो!

जहाजावरची जेवणाची पद्धत मोठी न्यारी. जेवायची वेळ ठरलेली नाही, टेबलही ठरलेले नाही. यावे तेव्हा जे मोकळे असेल तिथे नेऊन बसवत. पहिल्या संध्याकाळी या दोघांना दालनाच्या मधोमध, आठ माणसांच्या गोल टेबलावर बसवले. हेमचंद्ररावांनी मला गळ्याला बांधू दिलेच नाही. तिसऱ्याच घासाला चमचा निसटला आणि डाळ शेजारच्या बाईंच्या साडीवर उडाली. त्या बिचाऱ्या "काही नाही, काही नाही" म्हणत राहिल्या, पण हेमचंद्रराव उठून चालू लागले.

खोलीत येऊन ते म्हणाले, "उद्यापासून मी इथंच बिस्किटं खाईन. तू जा."

"मी एकटी जायची नाही," उमाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही इथं खायचं नाही."

त्यांनी दालनातले एक टेबल हेरून ठेवले होते. कोपऱ्यात, जाड खांबालगत, दोघांचेच, काचेला लागून. त्याच्या एका खुर्चीचे तोंड समुद्राकडे आणि पाठ दालनाकडे होती. दुसऱ्या खुर्चीचे तोंड मात्र सगळ्या माणसांकडे होते. यजमानांना समुद्राकडे तोंड करून बसवले की त्यांचा डावा हात कुणाला दिसणार नाही, असा बाईंचा बेत होता. दुसऱ्या दुपारी दालन रिकामे असताना त्या गुपचूप आत गेल्या आणि त्या टेबलावर मला पसरून आल्या. बिडकीनच्या गाडीत जन्म काढलेली माणसे, दुसरे काय करणार?

मी ऐटीत पडून राहिलो. थोड्या वेळाने एका वाढप्याने मला उचलले, उलटसुलट केले आणि विसरलेल्या वस्तूंच्या खणात टाकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता!

संध्याकाळी दोघे दाराशी आले. तिथे काळा कोट घातलेली एक मुलगी जागा देत उभी होती. कोटावर नाव होते सायली. उमाबाई हिंदीत म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं टेबल आमचं आहे. दुपारीच रुमाल टाकलाय."

मुलीने खण उघडून मला बाहेर काढले. क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि खुदकन हसली. "काकू, जागा धरली व्हती व्हय? आवो, मी लासूर स्टेशनची हाय. माझी आजी बाजारच्या दिवशी असाच रुमाल टाकायची गाडीत."

उमाबाईंचा चेहरा उजळला. "मग दे की टेबल!"

"इथं रुमालाचं चालत नाय, काकू. ज्याला जे टेबल पायजे त्यानं सांगून ठिवायचं आन् थांबायचं. त्या टेबलाला तर लई जण मागं हायेत. समद्यांना समुद्रच बघायचाय. तुमाला कशापायी पायजे?"

बाई अडखळल्या. खरे कारण सांगायचे तर ते माणूस मागेच उभे. त्या म्हणाल्या, "आम्हालाही समुद्रच बघायचाय."

"मग थांबावं लागंल. आज मिळंल का नाय, सांगता यायचं नाय."

जहाज त्या संध्याकाळी चांगलेच हेलकावत होते. उमाबाईंच्या कपाळावर घाम होता आणि त्या मघापासून आवळासुपारी चघळत होत्या. मी त्यांना ओळखतो; बिडकीनच्या गाडीसारखे जहाजही त्यांना लागत होते. पण त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. हेमचंद्रराव त्यांच्याकडे बघत होते. मग ते पुढे झाले आणि सायलीसमोर स्वतःचा डावा हात ठेवला.

"बेटा, ही खरं सांगायची नाही. माझा उजवा हात गेलाय. डाव्यानं जेवतो, सांडतं. लोकांची लाज वाटते मला, म्हणून ही धडपड चाललीय. थांबायला लागलं तरी थांबू, पण ते टेबल आमच्या नावावर लाव."

सायलीचे हसू मावळले. "काका, हे आधी सांगायचं व्हतं. आसं कारण आसंल तर आमी आधी देतो. आता रोज तेच टेबल तुमचं."

तिने मला बाईंच्या खांद्यावर टाकले आणि दोघांना कोपऱ्यात घेऊन गेली. उमाबाईंनी समुद्राकडची खुर्ची मागे ओढली. "बसा इथं. कुणाला दिसत नाही."

तेव्हा हेमचंद्ररावांनी काय केले असेल? त्यांनी डाव्या हाताने मला बाईंच्या खांद्यावरून ओढून घेतले आणि त्याच खुर्चीवर टाकले. नेम चुकला, मी अर्धा खाली लोंबकळलो. पण जागा धरली गेली.

"ही तुझी," ते म्हणाले. "खिडकीशी बस. तुला लागते."

"अहो, पण मग तुम्ही—"

"तुझी गाडी मी एक दिवस तरी चुकवली का?"

उमाबाई बसल्या. काचेतून लांबवर बघू लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. हेमचंद्रराव समोर बसले, सगळ्या दालनाकडे तोंड करून. बाईंनी मला त्यांच्या गळ्याला बांधले, त्यांनी बांधू दिले. चमचा कलला, डाळ माझ्यावर सांडली. मी ती सगळी झेलली. त्यांनी मान वर ठेवून पोटभर जेवण केले.

मित्रांनो, आता मी संभाजीनगरला घरी आहे. नळाला अजून रोज पाणी येत नाही, तरी बाई मला स्वच्छ धुतात. डाळीचा एक पिवळा डाग काही जात नाही. मलाही तो जायला नको आहे. मी फाटलो की माझी खुशाल गाळणी करा, पुसणे करा, तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी दार लावून एकटे जेवत असेल, तर आधी ते दार वाजवा. पंगत बसण्यापूर्वी त्याच्यासाठी एक जागा धरा, आणि तो येईपर्यंत ती सोडू नका.