पालथा ग्लास

प्लास्टिकचा कप—इतका हलका की पंख्याच्या वाऱ्याने तो बाकावर सरकत होता, आणि त्याला धरायला ना आकारामचा हात पुढे येत होता, ना धम्मपालचा. उचगावच्या फाउंड्रीत चहाची सुट्टी झाली होती. सुपरवायझर हसतमुखाने फिरून रिकामे कप स्वतः गोळा करत होता.

गेल्या महिन्यापर्यंत इथे काचेचे ग्लास होते. साच्यात माती ठोकता ठोकता एखाद्याची कंबर गेली, की चहा पिऊन तो ग्लास पालथा ठेवी—बस्स. कोणी विचारत नसे. दुपारभर सगळ्यांचेच हात जरासे मंदावत, आणि मागे पडलेला माणूस वेगळा दिसत नसे. संशोधनासाठी इथे येणाऱ्या धम्मपालला वर्षभर जोखून झाल्यावर आकारामनेच हे दाखवलं होतं... "लिव्हा की पीएचडीत. आमचं नाव तेवढं नगं."

नाव धम्मपालने कुठेच घेतलं नव्हतं. फक्त मार्गदर्शकांना, गणपतराव सरांना, ग्लासाचं सांगितलं होतं—ज्यांनी त्याला चिकित्सक सिद्धांत शिकवला. संस्था समजून घ्यायची तर तिचा पदांचा तक्ता नव्हे, तिची शांतता वाचायची, मालकाच्या डोळ्यांनी नव्हे, खालून पाहायचं, हे सांगताना ज्यांचा आवाज असा दाटून येई की धम्मपालला वडिलांची पहाटेची बुद्धवंदना आठवावी. त्याच आवाजात सरांनी कारखानदारांच्या शिबिरात पालथ्या ग्लासाची गोष्ट सांगितली; ऐकणाऱ्यांत या फाउंड्रीचा मालकही होता. आज सकाळी तो जाब विचारायला गेला तेव्हा म्हणाले, "अरे, ज्ञान काय कपाटात ठेवायचं? आणि तुझं नाव घेतलं मी, आवर्जून."

आवर्जून...

"आकारामदादा, मी मालकाला काही सांगितलं नाही."

"मग गिलासच चालत गेलता व्हय केबिनात?"

कोणीतरी हसलं, लगेच थांबलं.

"सरांना सांगितलं होतं. ते आपल्या बाजूचे—"

आपल्या. शब्द त्याला सरांच्याच आवाजात ऐकू आला. फसवला गेलो तो मी. आणि तरी, आकारामच्या जागेवरून पाहिलं तर, सरांत आणि माझ्यात अशी फट कुठे आहे, जिच्यातून त्याने मला वेगळा ओळखावा?

धम्मपालने कप धरला, पालथा ठेवला.

"काय सायेब, दमलासा?" सुपरवायझरने तो उचलून डब्यात टाकला आणि पाठ फिरवली.

"दादा, उद्या येऊ ना मी?"

भोंगा झाला. आकाराम उठला आणि भट्टीकडे चालू लागला—भराभर, कंबर ताठ ठेवून. सुपरवायझर पाहत असला की तो असाच चाले. पण सुपरवायझर तर केव्हाच पाठमोरा झाला होता; पाहत होता तो फक्त धम्मपाल.